मूळ प्रत लॅपटॉपवरच राहू दे

धुळे, रविवार

प्रिय प्रमोद,

सप्रेम नमस्कार. काय भो, कसा शे?

रोपवाटिकेची साइट तयार झाली, डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) आणि होस्टिंगही (सर्व्हर म्हणजे सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवरची भाड्याची जागा) घेऊन झालं, आता फायली वर चढवायच्या राहिल्यात असं तू कळवलंस. यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. एका बसणीचं काम आहे. पण ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र शेजारी ठेवून कामाला बस.

आधी एक गोष्ट ठरवून टाक. लॅपटॉपवरचं फोल्डर ही मूळ प्रत आणि सर्व्हरवर असते ती तिची नक्कल. बदल करायचा तो मूळ प्रतीत, मग ती फाइल वर पाठवायची. रोपाचा दर बदलला की सर्व्हरवरच फाइल उघडून आकडा बदलायचा मोह होईल, आणि तशी सोय सगळीकडे असते. पण एकदा तसं केलंस की दोन प्रती वेगळ्या झाल्या. महिनाभराने दुसऱ्या कामासाठी तेच पान लॅपटॉपवरून चढवशील आणि जुना दर गुपचूप परत येईल. गिऱ्हाईक तोच दाखवून भांडेल. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या एका शिस्तीमुळे सोपं होतं.

फायली वर चढवायला फाइलझिला हे सॉफ्टवेअर घे. त्यात 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' अशी दोन आहेत, तुला क्लायंट हवं. त्यांच्याच साइटवरून उतरव. मात्र विंडोजसाठीच्या मोठ्या बटणाच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर गळ्यात मारायचे पडदे येतात. त्याच पानावर जास्तीचे डाउनलोड पर्याय दाखवणारी बारीक लिंक आहे, तिथला इन्स्टॉलर स्वच्छ असतो. विनएससीपीही चांगलं आहे, पण ते फक्त विंडोजवर चालतं. ब्राउझरमध्ये एफटीपीचा (सर्व्हरवर फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) पत्ता टाका असं सांगणारा जुना व्हिडिओ दिसला तर सोडून दे. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा. तो लिहिला आयआयटी कानपूरच्या अभय भूषण यांनी, एमआयटीत असताना. तेव्हा कॉम्प्युटरच्या जाळ्यावर मोजकीच, एकमेकांना ओळखणारी माणसं होती. त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फायली दोन्ही उघड्यावरून जातात. आज तसं करायचं नाही. दोन सुरक्षित वाटा आहेत आणि त्यांची नावं घोळात टाकणारी आहेत. एसएफटीपी एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडायच्या पद्धतीवरून), २२ नंबरच्या पोर्टने, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारातून जातं. एफटीपीएस म्हणजे जुनंच एफटीपी, २१ नंबरच्या पोर्टवर, टीएलएसचं (मजकूर गुप्त करून पाठवायच्या पद्धतीचं) कुलूप लावून. तू घेतलंस तशा स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तसल्या) एसएसएच बऱ्याचदा बंद असतं, तेव्हा बहुधा दुसरी वाट घ्यावी लागेल. फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये नवी नोंद कर आणि एन्क्रिप्शनच्या रकान्यात 'रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' निवड. 'उपलब्ध असल्यास' असा जो पर्याय आहे तो नको.

त्याच नोंदीत होस्टच्या, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या रकान्यात काय घालायचं यावर पुष्कळ जण अडतात. डोमेनचे नेमसर्व्हर (ते नाव कोणत्या सर्व्हरचं हे सांगणारे) नुकतेच बदलले असतील तर नाव सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर होस्टिंगच्या पहिल्या मेलमध्ये दिलेला सर्व्हरचा आयपी नंबर घाल. डोमेन क्लाउडफ्लेअरवर (साइट आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या सेवेवर) असेल आणि नोंदीसमोर नारंगी ढग असेल, तर त्या नावाने एफटीपी कधीच जोडलं जाणार नाही, तिथेही आयपीच. युजरनेमचंही लक्षात ठेव. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये) वेगळं एफटीपी खातं काढलंस तर युजरनेम म्हणजे ॲटचं चिन्ह आणि डोमेनसकट पूर्ण नाव. नुसता पुढचा भाग टाकलास की ५३० ची चूक येते, म्हणजे लॉगिन होत नाही. आणि ते खातं काढताना 'डिरेक्टरी'चा रकाना आपोआप भरलेला येतो तो नीट बघ, नाहीतर तुझी साइट भलत्याच आतल्या फोल्डरात जाऊन बसेल.

पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) खिडकी येईल. शेअर्ड होस्टिंगवर त्यात तुझ्या डोमेनऐवजी होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं नाव असू शकतं. मेलमधल्या नावाशी ते जुळलं तर पुढे जा. आणखी एक, फाइलझिलात जपून ठेवलेला पासवर्ड मुळात कुलूपबंद नसतो, कुणालाही उलगडता येईल असा फाइलमध्ये पडलेला असतो. लॅपटॉप दुकानात चार जण वापरतात ना? मग सेटिंग्जमध्ये मास्टर पासवर्ड लाव.

जोडलं गेलं की डावीकडे तुझा लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर. उजवीकडे 'पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल' नावाचं फोल्डर उघड. होस्टिंगचं पॅनेल प्लेस्क असेल तर त्याचं नाव 'एचटीटीपीडॉक्स' असतं. जगाला दिसतं ते एवढंच, बाहेर ठेवलेलं कुणाला दिसत नाही. आता डावीकडे साइटचं फोल्डर उघडून आत जा आणि आतला माल निवडून उजवीकडे ओढ. फोल्डरच ओढलंस तर साइट डोमेनपुढे तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव टाकल्यावर उघडेल, आणि नुसत्या डोमेनवर होस्टिंगवाल्याचं कोरं पान दिसत राहील. मुखपृष्ठाचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', सगळं लहान लिपीत.

लहान-मोठ्या लिपीचा हा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक कळत नाही, सर्व्हरवरच्या लिनक्सला कळतो. फोटोच्या नावाचा शेवट कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' असा दिला आणि पानात तू लहान अक्षरांत लिहिलास, तर लॅपटॉपवर फोटो दिसेल आणि सर्व्हरवर ४०४ येईल, म्हणजे फाइल सापडणार नाही. म्हणून सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेव, मध्ये जागा सोडू नकोस, आडवी रेघ चालेल. फायलींना मराठी नावं देऊ नकोस. चालतात, पण देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरांचं होतं. 'केळी' एवढंसं नाव ३६ अक्षरांची माळ होऊन व्हॉट्सॲपवर फिरेल. आणि पानातल्या एखाद्या फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत नाही ना, तेही तपास. तसा असेल तर तो फोटो जगात फक्त तुझ्याच लॅपटॉपवर दिसतो.

फोटो चढवण्याआधी लहान कर. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०००×३००० पिक्सेल आणि साधारण ४-५ एमबीचा असतो. जी-नाईन या केळीच्या जातीच्या रोपांचे, शेडनेटचे, घडांचे असे ६० फोटो म्हणजे पावणेतीनशे एमबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ८ ने भागून सेकंदाला सव्वा एमबी, म्हणजे चारेक मिनिटं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर २ एमबीपीएस मिळाले तर अठरा-वीस मिनिटं. तुझा वेळ जाईल तो जाऊ दे, पण शिरपूरकडचा शेतकरी बांधावर उभा राहून तेच फोटो उतरवणार आहे. रुंदी १६०० पिक्सेल आणि जेपीजी दर्जा ७५-८० ठेवलास तर एकेक फोटो साधारण २००-३०० केबीवर येतो. सगळे मिळून १५ एमबी.

वजनापेक्षा संख्या जास्त जाचक. एफटीपीत प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी उघडून बंद होते. हजारो बारीक फायली चढवणं म्हणजे ट्रकमध्ये एकेक केळं नेऊन ठेवणं. तुझी साइट छोटी आहे, अडचण नाही. पुढे वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर, त्यात हजारो फायली असतात) घेतलंस तर सगळं झिप करून एकच फाइल चढव, सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट' कर आणि झिप लगेच पुसून टाक. बॅकअपची झिप तिथेच पडून राहिली तर नावाचा अंदाज बांधून कुणीही उतरवून नेतो. पुसताना मात्र जपून, सर्व्हरच्या त्या बाजूला रिसायकल बिन नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी फोटो आणि सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल), मग आतली पानं, सगळ्यात शेवटी मुखपृष्ठ. असं केलं की मध्येच कुणी साइट उघडली तरी मोडकं काही दिसत नाही. तुमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि राउटर बंद पडला की चालू असलेली फाइल अर्धीच वर राहते, जुनीही गेलेली असते. वीज आल्यावर खालच्या 'फेल्ड ट्रान्सफर्स'च्या टॅबमध्ये बघ, सगळ्या निवडून पुन्हा रांगेत घाल.

तेव्हा खिडकी विचारेल की फाइल आधीच आहे, काय करू? इथे नीट वाच. 'आकार वेगळा असेल तर' निवडलंस आणि दर १८ चा १९ केला असशील तर फाइलचा आकार तोच राहतो, म्हणजे ती जाणारच नाही. 'रिझ्यूम' पानांसाठी कधीच नको. तो जुन्या फाइलला नव्या फाइलची शेपटी जोडतो आणि पानाचा खिचडा होतो. तो पर्याय फक्त मोठ्या झिपसाठी. छोट्या साइटला सरळ 'ओव्हरराइट'.

जोडलं जातं पण फोल्डरची यादी येत नाही, थोड्या वेळाने 'डिरेक्टरी लिस्टिंग' मिळाली नाही असं लाल अक्षरांत येतं, असं झालं तर ट्रान्सफर मोड 'पॅसिव्ह' आहे का बघ. ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर उलटा तुझ्याकडे जोडायला येतो, आणि मोबाइल नेटवर शेकडो ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असल्याने त्याला तू सापडत नाहीस. ४२१ (एकावेळी जास्त जोडण्या) आलं तर एकावेळच्या ट्रान्सफरची संख्या २ वरून १ कर. ५५२ म्हणजे जागा संपली. पासवर्ड चार-पाचदा चुकला आणि नंतर साइटसुद्धा घरच्या नेटवर उघडेना, पण मोबाइल डेटावर उघडते, तर सर्व्हरच्या फायरवॉलने (पहारेकरी सॉफ्टवेअरने) तुझ्या घरच्या नेटचा आयपी पत्ता अडवलाय. होस्टिंगवाल्याला तो पत्ता कळवून मोकळा करून घे. पान ४०३ (बघायला मनाई) दाखवत असेल तर परवानग्या बघ, म्हणजे फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची ते ठरवणारे आकडे. फायलींना ६४४, फोल्डरांना ७५५. 'सगळं ७७७ करा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, त्याने दार सताड उघडं राहतं आणि काही सर्व्हर तर त्यावर ५०० ची चूक देतात.

मराठी मजकुराचं राहिलं. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायच्या पद्धतीत) जपलेली हवी आणि पानाच्या वरच्या भागात तसा कॅरसेट (अक्षरांची पद्धत सांगणारी नोंद) लिहिलेला हवा, नाहीतर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये करून घेतलं असशील तर तो मजकूर चिकटवून उपयोग नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घे.

बदल चढवूनही जुनंच पान दिसलं तर लगेच पुन्हा चढवू नकोस. आधी कंट्रोल आणि एफ५ दाबून बघ, मग मोबाइल डेटावर खासगी खिडकीत. क्लाउडफ्लेअर असेल तर तिथला कॅशही (साठवून ठेवलेल्या जुन्या पानांचा साठा) रिकामा करावा लागतो. तरीही जुनंच दिसलं तर उजवीकडे त्या फाइलची तारीख आणि वेळ बघ. ती जुनी असेल तर तू दुसऱ्याच फोल्डरात चढवलंस.

कुठे अडलास तर फोटो काढून पाठवू नकोस, फाइलझिलाच्या वरच्या पट्टीत येणाऱ्या संदेशांच्या ओळी कॉपी करून पाठव. पहिली लाल ओळ आणि तिच्या आधीच्या दहाएक ओळी पुरेत. पासवर्डच्या जागी तिथे चांदण्या असतात, त्याची चिंता नाही. युजरनेम तेवढं काढून टाक.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रवी