म्हातारपणाची तरतूद कोणी करायची?

पिट्सबर्ग,
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलेत की, एवढ्या श्रीमंत देशात माणसांना धान्यासाठी रांगा का लावाव्या लागतात. त्या वेळी मी घाईत उत्तर दिले आणि ते अपुरे राहिले, म्हणून हे पत्र.

टीव्हीवर तुम्ही जे पाहिलेत ते खरे आहे. १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, येथील केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज बंद होते. सर्वसामान्यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यांसाठी मिळणारे वाढीव अनुदान या वर्षअखेरीस संपते आहे. ते पुढे चालू ठेवण्याची हमी दिल्याशिवाय खर्चाच्या विधेयकाला पाठिंबा देणार नाही, असे डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे होते आणि आधी सरकार सुरू करा, मग बोलू, असे रिपब्लिकन पक्षाचे. या ओढाताणीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘स्नॅप’ नावाच्या अन्नसाहाय्य योजनेचे पैसे अडकले. या योजनेवर सुमारे ४ कोटी २० लाख लोक अवलंबून आहेत, म्हणजे साधारण आठ जणांमागे एक. त्यांतले बरेच जण लहान मुले, वृद्ध आणि अपंग आहेत. पण जे काम करू शकतात त्यांतले पुष्कळ जण कामही करतात. दुकानात, उपाहारगृहात, वृद्धांच्या शुश्रूषेत दिवसभर राबूनही त्यांचे पोट त्या पगारात भरत नाही.

केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि जुलै २००९ नंतर त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. अनेक राज्यांनी आपापला दर वाढवला, आमच्या पेनसिल्व्हेनियाने मात्र तो तसाच ठेवला आहे. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर एकही सुट्टी न घेता काम केले तर कर कापण्याआधी १५ हजार ८० डॉलर होतात. प्रत्यक्षात आज इतक्या कमी दराने माणसे मिळत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी याहून जास्त द्यावे लागते, हे खरे. परंतु सोळा वर्षे हा आकडा हलवावा असे संसदेला वाटू नये, याचे मला फार वाईट वाटते.

जी गोष्ट पगाराची, तीच म्हातारपणाची. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलात तेव्हा निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम मिळेल, हे गृहीतच होते. महागाई भत्ता वाढला की तीही वाढते आणि तुमच्यानंतर आईलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांना असे ठरलेले निवृत्तिवेतन मिळत नव्हते, म्हणूनच मार्च २०२३ मध्ये आपल्याकडे एवढा मोठा संप झाला. त्या संपाच्या वेळी म्हातारपणाची तरतूद कोणी करायची, यावर आपल्या घरात जी चर्चा झाली, तिचीच आधीची आवृत्ती या शहरात चाळीस वर्षांपूर्वी घडून गेली आहे. मोनोंगाहेला नदीकाठी होमस्टेड येथे पोलादाचा प्रचंड कारखाना होता. १८९२ साली तेथे कामगार आणि मालकाने आणलेले खाजगी शिपाई यांच्यात रक्तपात झाला. कारखान्याचे मालक अँड्र्यू कार्नेगी यांनी पुढे १९०१ मध्ये आपला उद्योग विकला आणि जगभर ग्रंथालये उभारली. कामगारांची संघटना मोडली गेली होती, ती पुन्हा उभी राहायला १९३० चे दशक उजाडले. पण त्यानंतर एक-दोन पिढ्यांना चांगला पगार आणि निवृत्तिवेतन दोन्ही मिळाले. १९८६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आज त्या जागी खरेदी-संकुल आहे आणि धुराड्यांची एक रांग तेवढी जपून ठेवली आहे. तुम्हाला गिरणगाव आठवेल.

पोलाद कंपन्या बुडाल्या तेव्हा निवृत्तिवेतनाचा भार १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी विमा महामंडळाने उचलला, पण त्याला मर्यादा होत्या आणि काहींना कबूल केल्यापेक्षा कमी मिळाले. माझ्या शेजारच्या आजी अशाच एका कामगाराच्या पत्नी आहेत. सत्तरी ओलांडल्यावरही त्या आठवड्यातून काही दिवस किराणा दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या राहतात. हे त्या हौसेने करतात असे कोणी म्हटले, तर मला ते पटत नाही.

याच सुमारास खाजगी कंपन्यांनी निवृत्तिवेतन सोडून ‘४०१ के’ नावाची खाती सुरू केली. १९७८ च्या करकायद्यातल्या एका कलमावरून ते नाव पडले. नोकरदाराने पगारातून पैसे बाजूला काढायचे, कंपनीने जमल्यास त्यात भर घालायची, रक्कम शेअर बाजारात वाढू द्यायची. बाजार कोसळला तर नुकसान त्या नोकरदाराचे आणि आपण किती वर्षे जगणार, याचा अंदाजही त्यानेच बांधायचा. माझे हे खाते नीट चालले आहे, कारण माझ्या पगारातून खर्च भागून शिल्लक उरते आणि कंपनीही भर घालते. यात माझी हुशारी किती आणि नशीब किती, याचा मी विचार करते, तेव्हा नशिबाचे पारडे जड वाटते. ज्या आजी गल्ल्यावर उभ्या असतात त्यांच्या पगारातून बाजूला काढायला काही उरतच नाही, मग बाजार कितीही चढो. या देशातील शेअरांपैकी जवळपास नव्वद टक्के वरच्या दहा टक्के कुटुंबांकडे आहेत, आणि खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून एकूण संपत्तीचा सुमारे अडीच टक्के भाग आहे. काटकसर शिकवून हे अंतर मिटेल, असे मला वाटत नाही, जरी काटकसर मी आईकडूनच शिकले आणि तिचा मला अभिमान आहे.

त्यात करांची रचना अशी की, पगारातल्या पहिल्या डॉलरपासून ७.६५ टक्के सामाजिक सुरक्षा (म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची योजना) आणि वृद्धांच्या आरोग्य विम्यासाठी कापले जातात. शेअरच्या वाढलेल्या किमतीवर मात्र तो विकेपर्यंत कर नाही, आणि मालक न विकताच वारला तर वारसांसाठी त्याची किंमत त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे आयुष्यभराच्या वाढीवर आयकर कधीच लागत नाही. सामाजिक सुरक्षेचा ६.२ टक्के कर यंदा १ लाख ७६ हजार १०० डॉलरच्या पगारापर्यंतच आहे. कोट्यवधी पगार घेणारा अधिकारीही त्या मर्यादेवर जेवढा भरतो तेवढाच भरतो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या या योजनेतून निवृत्तांना आज महिन्याला सरासरी सुमारे दोन हजार डॉलर मिळतात आणि लाखो वृद्धांचे तेच मुख्य उत्पन्न आहे. विश्वस्तांच्या अहवालानुसार २०३३ च्या सुमारास तिची गंगाजळी संपेल आणि नंतर ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. कर लागणाऱ्या पगाराची मर्यादा काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मला त्याने जास्त भरावे लागले तरी चालेल. दोन्ही पक्षांचे नेते योजनेला हात लावणार नाही, असे सांगतात. पैसे कोठून आणणार, हे मात्र कोणी ठोसपणे ठरवत नाही. श्रीमंत देणगीदारांना दुखवायचे नसते, हे त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते. २०१० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणुकीतल्या स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या, खर्चाला सीमाच उरलेली नाही. २०२४ मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, आणि डेमोक्रॅटिक पक्षालाही अब्जाधीश देणगीदार आहेतच.

म्हणून पेनसिल्व्हेनियाने २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडेन आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प निवडले, यात मला चंचलपणा दिसत नाही. ज्यांना कोणाकडूनच आधार मिळत नाही, ती माणसे सत्तेवर असलेल्याला खाली उतरवतात. ग्रीन कार्डवर असल्यामुळे मला मतदान करता येत नाही, कर मात्र सगळा भरते.

आता तुमची काळजी. परदेशी पैसे पाठवण्यावरील एक टक्का कर १ जानेवारीपासून लागू होत आहे, पण तो रोख रक्कम, मनीऑर्डर अशा मार्गांनी पाठवलेल्या पैशांवर. मी बँक खात्यातून पाठवते, म्हणून त्यातून काही कापले जाणार नाही. बाबा, ते पैसे माझ्या नावाने मुदत ठेवीत टाकू नका. ते खर्चासाठी आहेत. आई, तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. तारीख ठरली की कळव, म्हणजे मी त्या आठवड्यात रजा टाकून येण्याचे पाहते.

तुमची लेक