अजून तीन वर्षं इथेच

फ्रांकफुर्ट, १५ मार्च

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. मी पुढची तीन वर्षं इथेच राहणार आहे. इथल्या वैद्यक संशोधकांच्या एका संस्थेने मला शिष्यवृत्ती दिली आहे आणि कागदांवर माझी सहीसुद्धा झाली आहे.

आई, आधी तुझे प्रश्न. खोली उबदार आहे. वरणभात रोज होतो, तू दिलेला कुकर अजून ठणठणीत आहे. औषधपाण्याचा विमा आहे. उशीर झाला तरी ट्राम घराजवळ सोडते, एकटीने अंधारात चालावं लागत नाही.

काल पाउल एर्लिश या जुन्या जर्मन वैद्यक संशोधकाचा जन्मदिवस होता. दर १४ मार्चला इथल्या पाउल्सकिर्शे या जुन्या चर्चमध्ये त्यांच्या नावाचे पुरस्कार देतात. मोठा १,२०,००० युरोंचा, पण माझा जीव अडकतो तो २००६ पासून तरुण संशोधकांना मिळणाऱ्या ६०,००० युरोंच्या पुरस्कारात. ते पैसे संशोधनावरच खर्चायचे असतात. मूळ निधी एर्लिश यांच्या पत्नीने, हेडविगबाईंनी, १९२९ मध्ये उभा केला. पुढे नाझींनी ज्यू म्हणून एर्लिश यांचं नाव रस्त्यावरून पुसलं, बाईंना देश सोडावा लागला. नाव मात्र टिकलं.

बाबा, क्षयाचा जंतू रंगवून ठळक दाखवायची पद्धत याच माणसाने १८८२ मध्ये सुधारली. तुमची थुंकी तपासली ती त्याच पद्धतीच्या पुढच्या रूपाने. नंतर त्यांना स्वतःलाच क्षय झाला; बरं व्हायला ते इजिप्तला जाऊन राहिले. परतल्यावर केलेल्या कामाला १९०८ मध्ये नोबेल मिळालं, आणि १९१० मध्ये सिफिलिस या गुप्तरोगावरचं त्यांचं साल्वर्सान हे औषध बाजारात आलं. हे वाचताना मला तुमचं ते वर्ष आठवलं. मला खोलीत येऊ द्यायचे नाहीत, आणि तुम्ही खिडकीतून पाढे म्हणून घ्यायचात. सतराचा पाढा मला अजून तुमच्याच आवाजात येतो.

औषधांना दाद न देणारे जंतू हाच माझा विषय आहे. तिकडे हे काम होत नाही असं मुळीच नाही, उत्तम होतं. पण माझे जंतू, माझी अर्धी निरीक्षणं, शिकवणारी माणसं, सगळं इथे आहे. आता उठले तर पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल. तुमच्यापासून लांब राहायची हौस म्हणून हे केलेलं नाही, एवढं मनात पक्कं धरा. दर दिवाळीला येणार, तिकिटाचे पैसे आधीच बाजूला काढलेत.

आता ऐका. बाबा, अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद करून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तितके दिवस, तितक्याच वेळा. बरं वाटतंय हे कारण चालणार नाही. निदान माझ्या घरात तरी नाही. आणि त्या जुन्या गोळ्या शेजारच्या काकांना देऊ नका. आई, तू गुडघ्याचा एक्स-रे टाळतेयस ते मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि त्याच्यावर रागावूही नकोस. या शनिवारी दोघं जाऊन या. रिपोर्टचा फोटो उजेडात काढून पाठवा, मागच्या वेळी सगळा अंगठाच आला होता.

तुमची,
मनी