नोकरी टिकलीये म्हणून दारूचा आजार नाही असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्यसनमुक्तीवर पेपरात काही आलं की फोटो ठरलेला असतो, रस्त्याकडेला पडलेला माणूस आणि बाजूला बाटली. मी सांगलीत सीए आहे. आमच्यासारखे लोक त्या फोटोत बसत नाहीत आणि म्हणूनच आम्ही उपचाराला फार उशिरा पोचतो असं माझं स्पष्ट मत आहे. रिटर्न वेळेत भरले जातायत, ईएमआय जातोय, मग आजारी कोण म्हणणार? सकाळी माझे हात थरथरायचे म्हणून सह्यांच्या फायली मी दुपारनंतर मागवायचो आणि ऑफिसला वाटायचं साहेबांची कामाची पद्धतच तशी आहे.

उपचाराला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांचा सल्ला एकच, कावीळ झाली म्हणून सांगा. कावीळ म्हटलं की लोक उसाचा रस घेऊन बघायला येतात आणि दारूसाठी ॲडमिट झाला म्हटलं की क्लायंट फायली परत नेतील ही भीती. मी पार्टनरला आणि आर्टिकलच्या, म्हणजे आमच्याकडे सीएचं काम शिकणाऱ्या पोरांना खरं तेच सांगितलं. काही क्लायंट गेले, बरेच राहिले, आणि त्यातल्या दोघा-तिघांनी तर नंतर केबिनचं दार लावून भावासाठी, जावयासाठी पत्ता विचारला हो!

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास आजारातच धरलेत आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असंही त्यात म्हटलंय, पण आपली मेडिक्लेम पॉलिसी काढून न मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचा, दारूच्या व्यसनावरचा उपचार बहुतेक तिथेच सापडेल. म्हणजे पगारदार माणसाने खर्च खिशातून करायचा आणि रजेच्या अर्जावर कारणही खोटं लिहायचं. निदान आपल्या जिल्ह्यातल्या बँका, कारखाने, कॉलेजं यांनी तरी ही रजा आजारपणाची रजा म्हणून द्यावी आणि कारण ऑफिसभर होऊ देऊ नये, एवढं तर त्यांच्या हातात आहे.

खरं अवघड परत आल्यावर असतं. ऑडिटचा सीझन, 30 सप्टेंबरची मुदत तोंडावर, रात्री दहापर्यंत काम आणि मग कुणीतरी म्हणतं चला साहेब बसू थोडं, एकच घ्या. आपल्याकडे अर्धे व्यवहार ढाब्यावरच ठरतात ना. कुपवाड एमआयडीसीतले माझे एक जुने क्लायंट आता हिशोबाचं बोलायला सकाळी अकराला चहावर बोलावतात, त्यांनी कारण कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण ह्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या गटाच्या संध्याकाळच्या मीटिंगसाठी मी ऑफिसातून वेळेत उठतो, मग काम राहिलं तरी राहू दे. ती चळवळ 1935 साली अमेरिकेत एका शेअर बाजारातल्या माणसाने आणि एका सर्जनने सुरू केली, म्हणजे चांगल्या हुद्द्यावरच्या माणसांचाही हा आजार आहे हे तेव्हापासून माहितीये.

घरच्यांना एक कळकळीने सांगतो, रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

आणि संपादक साहेब, छोट्या जाहिरातीत 'पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून द्या' म्हणून पावडरी येतात त्या कृपा करून बंद करा. दारूसोबत त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात गेलं आणि वर तो माणूस प्यायला तर त्याचा जीव जाऊ शकतो, आणि त्या पावडरीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. त्या जागेत व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 छापा, फोन फुकट लागतो.

नाव छापू नये ही विनंती.

एक सीए, विश्रामबाग, सांगली