पाया खणण्याआधी एक पावसाळा

इंदूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नकाशा पोहोचला. बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पंख्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. रात्री बारापर्यंत आम्ही दोघं तुझ्या घरात फिरत होतो. सिमरोलच्या पुढे, चोरलच्या वाटेवर, साग-मोहाच्या झाडीत तू स्वतःचं घर बांधते आहेस, याचा आनंद किती आहे ते पत्रात मावणार नाही. तरी एक मागणं आहे. एक पूर्ण पावसाळा त्या जमिनीवर काढ आणि मगच पाया खण.

आपल्या स्वयंपाकघरातली भेग आठवते? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली. चौथीत असताना तू तिच्यात रुपया सरकवायचीस. १९९४ साली घर बांधलं तेव्हा ठेकेदाराने काळी माती संपायच्या आतच, तीन फुटांवर, पाया थांबवला. मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा घट्ट थर, लागेपर्यंत खाली जायला हवं होतं, पण आम्हाला कळत नव्हतं आणि सांगणारं कोणी नव्हतं. माळव्याची ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. भेगेच्या कडेला मी पेन्सिलीने तारखा लिहायचे. मे महिन्यात ती उघडायची. श्रावणात मिटायची आणि तेव्हा देवघराचं दार अडकायचं. त्यात आम्ही भिंतीपासून सहा फुटांवर कडुलिंब लावलेला. भर उन्हाळ्यात तो पायाखालची उरलीसुरली ओल ओढून घ्यायचा. शेवटी तोडावा लागला. ते मला अजून लागतं.

तुझ्या नकाशात निजायच्या खोलीपासून मोठा मोह आठ फुटांवर आहे. घर सरकव, मोहाला हात लावू नकोस. काळ्या मातीत झाड जितकं उंच, निदान तितकं अंतर ठेवावं. आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्या झाडाखाली फुलांचा सडा पडेल, तेव्हा गावातल्या बायका टोपल्या घेऊन येतील. त्या आधीपासून येत असतील. कुंपण घालण्याआधी त्यांना विचार, त्यांची वाट ठेव.

घर जिथे येणार तिथे चार कोपऱ्यांत चार खड्डे घेऊन बघ, मुरूम किती खोल लागतो ते. एकाच जमिनीत इकडे चार फूट, तिकडे नऊ फूट असं निघतं. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळ्या मातीवर बसलं तर भेग ठरलेली. मग जुलैत मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन चाल. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कोणत्या वाटेने उतरतं, तिथे तिथे खुंट्या ठोक. ते मला नकाशापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पश्चिमेची मोठी काच मला पसंत नाही. मे महिन्यात दुपारी चारचं ऊन तिथून थेट पलंगावर येईल. खिडक्या दक्षिणेला घे, वर दोन फुटी छज्जा दे. डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४४ अंशांवर असतो, ऊन आपोआप आत येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो.

लाकडाचं घर हवं म्हणतेस. आपल्या इंदूरचा होळकरांचा राजवाडा बघ, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. लाकूड मातीपासून जितकं वर तितकं वाळवीपासून लांब. दगडी जोतं तीन फूट तरी घे. आणि साग स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, तेव्हा मिस्त्री म्हणाला म्हणून कुऱ्हाड लावू देऊ नकोस. विटांच्या भिंतींसाठी वास्तुशिल्पी लॉरी बेकर वापरायचे ती पद्धत मिस्त्रीला दाखव. वीट उभ्या कडेवर, मध्ये पोकळी. पाव हिश्श्याने विटा वाचतात, खोली थंड राहते.

पाण्याचा हिशोब बाबांनी मांडलाय. छप्पर शंभर चौरस मीटरचं, इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे थोडं वाया गेलं तरी पाऊणेक लाख लिटर. टाकी आत्ताच नकाशात घाल, नंतर जागा उरत नाही. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब.

खसरा आणि बी-वन या जमिनीच्या सरकारी उताऱ्यांची नक्कल पाठव. सीमांकनाचा अर्ज द्यायला बाबा सोमवारी तहसिलात जाणार आहेत, डायवर्शनचंही, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचं, तिथेच विचारून येतील. जुलैत सुट्टी मिळाली की कळव. माझे गमबूट माळ्यावर आहेत, काढून ठेवते.

तुझी,
आई