लिनक्स अडते ते 'कऱ्हाड' लिहिताना

संपादक महोदय,

विंडोज १० ची सर्वांसाठीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सोसायट्यांच्या ऑफिसांतले आणि क्लासेसमधले जुने पण धडधाकट संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. चार जीबी रॅमवर लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवली तर जुने यंत्र ओळखू येत नाही. पण लिनक्स बसवून देणारा निघून गेल्यावर वापरणारी माणसे कुठे अडतात, ते फारसे कोणी बोलत नाही.

पहिली अडचण मराठी टायपिंगची. कीबोर्डांच्या यादीत मराठीपुढे 'एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट' (भारतीय भाषांसाठीची ठरावीक कळरचना) आणि 'कगप' (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांनी टायपिंग) असे पर्याय दिसतात. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद! फोनेटिक टायपिंग हवे असलेल्या मराठी माणसाने या नावावरून काय समजायचे? मग तो ओळखीचा म्हणून हिंदी कीबोर्ड निवडतो. त्यात शिफ्ट आणि १ दाबले की 'ॲ'च्या जागी 'ऍ' उमटतो आणि पत्रभर 'ऍड.' होत राहते. 'कऱ्हाड', 'वऱ्हाड' लिहिताना साधा र घेतला तर 'कर्हाड' होते. इन्स्क्रिप्टमध्ये त्यासाठी शिफ्ट-जे ने ऱ घ्यावा लागतो, मग डी ने हलन्त आणि पुढे ह. निवडीच्या खिडकीतच 'ॲ, ऱ्ह, ळ, ज्ञ असे लिहा' एवढा एक तक्ता दाखवला तर मदतीसाठी येणारे निम्मे फोन वाचतील. आणि इंग्रजी कीबोर्ड यादीतून कधीही काढू नये. मराठी एकटाच ठेवला तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो. पडद्यावर नुसती टिंबे दिसत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

त्याला जोडूनच फाँट. सोसायटीचे जुने इतिवृत्त बहुधा 'मंगल'मध्ये असते. मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर नाही. लिनक्सवरचे वर्डसारखे सॉफ्टवेअर लिब्रेऑफिस त्याच्या जागी दुसरा फाँट घेते, ओळींची लांबी बदलते आणि दोन पानांचा मजकूर तिसऱ्या पानावर सांडतो. फाईल बिघडली असे वाटते, प्रत्यक्षात बिघडलेले काही नसते. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला लोहित किंवा नोटो देवनागरी हा फाँट सगळीकडे ठरवून टाकावा. मात्र लिब्रेऑफिसच्या शैलीत इंग्रजीचा फाँट वेगळा आणि मराठीचा वेगळा असतो. इंग्रजीचाच बदलला आणि मराठी अक्षर तसेच राहिले, की माणूस वैतागतो. ही विभागणी कारागिराच्या सोयीची आहे, वापरणाऱ्याच्या नव्हे.

खरा घात करतात ते संदेश. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार सुरू झाल्यावर पार्श्वभूमीला आपणहून सुरक्षा अपडेट घेत असते. तेवढ्यात कोणी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, एखादे सॉफ्टवेअर टाकायला गेले तर एका लांबलचक फाईलीच्या नावासह 'कुलूप मिळाले नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते. नेटवर शोधले तर 'ती फाईल उडवा' हा सल्ला मिळतो. उडवली तर दोन कामे एकाच वेळी पॅकेजच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) नोंदींत हात घालतात आणि अर्धवट बसलेली पॅकेजे निस्तरत बसावे लागते. 'दुसरे अपडेट चालू आहे, पाच-दहा मिनिटे थांबा', एवढे लिहिले असते तर कोणी काही उडवले नसते. संदेशांचे मराठी करतानाही 'संचिका', 'धारिका' नकोत. फाईलला लोक फाईलच म्हणतात.

पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पांची कमी नाही. आणखी एक नवे लिनक्स काढून त्याला नवा वॉलपेपर लावण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी संदेशांची अशी वीस वाक्ये सुधारून ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पाठवावीत. काम दिसायला किरकोळ आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही.

लिनक्स टाकू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वायफायचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी वायफाय, असा पेच पडला तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे नेट संगणकाला देणे, सुरू करावे. दुसरे प्रिंटरचे. एचपी लेझरजेट १०२० चालू केला की दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर (स्वतः चालण्यासाठीचे सॉफ्टवेअर) मागतो आणि त्यासाठीचे प्लगइन वेगळे डाउनलोड करावे लागते. कॅननच्या एलबीपी २९०० चा ड्रायव्हर याहून हट्टी. तेव्हा आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून बघावे, मराठी मजकुराचे एक पान छापावे. ते छापले जाईपर्यंत हार्ड डिस्कवर काही टाकू नये.

— एक वाचक, कोथरूड, पुणे ३८