फोटो एकाचा, आवाज दुसऱ्याचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकन गायक जेम्स टेलरच्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या निवडक गाण्यांच्या संग्रहावरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. लेखकाचे या गायकावर प्रेम आहे हे कळते. माझेही आहे, कॉलेजात असल्यापासून. मराठी वर्तमानपत्राने त्याला अर्धे पान दिले याचा आनंद झाला, तो आधी नोंदवते.

पण त्या अर्ध्या पानात काय आहे? खप. एक कोटीच्या वर प्रती, अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेचे डायमंड प्रमाणपत्र, इतकी वर्षे झाली तरी मागणी कायम. हे सगळे खरेच आहे, आणि १९७६ साली निघालेला संग्रह अजून विकला जातो ही मोठीच गोष्ट आहे. मात्र गाण्यांकडे वळून लेखकाने जी मोजकी वाक्ये लिहिली, तीच चुकली. बाराही गाणी टेलरची स्वतःची आणि मूळ तबकड्यांवरून जशीच्या तशी उचललेली, असे त्यांनी ठोकून दिले आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि त्यामुळे या संग्रहातले सगळ्यात सांगण्यासारखे तेवढेच सांगायचे राहून गेले.

बारांपैकी दहा त्याची. 'यूव्ह गॉट अ फ्रेंड' हे कॅरोल किंगचे गाणे. शब्द तिचे, चालही तिची. १९७१ मध्ये ते टेलरच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे ज्या गाण्याने त्याला शिखरावर नेले ते त्याने लिहिलेलेच नाही. ज्या बाईने ते लिहिले तिचे नाव आपल्या अर्ध्या पानात एकदाही येत नाही. 'हाऊ स्वीट इट इज' हॉलंड, डोझिअर आणि हॉलंड या गीतकार-संगीतकार त्रिकुटाचे, आणि टेलरच्या कितीतरी आधी मार्व्हिन गेने गायलेले. टेलरने हे कधी लपवलेले नाही. मी या संग्रहाची कॅसेट मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून घेतली होती. तिच्या आतल्या घडीच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे लिहिणाऱ्याचे नाव होते. अक्षर बारीक, पण होते.

आता 'जशीच्या तशी'बद्दल. टेलरची पहिली तबकडी १९६८ साली लंडनमध्ये बीटल्सच्या ॲपल कंपनीने काढली. पुढे तो वॉर्नर या अमेरिकन कंपनीकडे गेला, पण पहिल्या तबकडीची ध्वनिमुद्रणे ॲपलकडेच राहिली. वॉर्नरने १९७६ मध्ये संग्रह काढायचा ठरवला तेव्हा त्या तबकडीवरची दोन गाणी हवी होती आणि मुद्रणे हाताशी नव्हती. म्हणून टेलरने 'समथिंग इन द वे शी मूव्ह्ज' आणि 'कॅरोलायना इन माय माइंड' ही दोन्ही गाणी या संग्रहासाठी नव्याने गाऊन मुद्रित केली. तिसरे, 'स्टीमरोलर', हे चालू मैफलीतले मुद्रण आहे, स्टुडिओतले नव्हे. बारांत तीन! 'कॅरोलायना'च्या लंडनमधल्या मुद्रणात बेस गिटार पॉल मॅकार्टनीने वाजवली आहे आणि मागे जॉर्ज हॅरिसनचा आवाज आहे. आपला लेख वाचून कोणी त्या आशेने हा संग्रह ऐकायला घेतला, तर त्याला त्यात ते दोघे सापडणार नाहीत.

नव्याने गायला यात वावगे काही नाही. उलट मला १९७६ ची 'कॅरोलायना'च जास्त आवडते. लंडनच्या मुद्रणात वाद्यांची गर्दी आहे, वीस वर्षांचा मुलगा तिच्यातून वाट काढत गातो आहे असे वाटते. आठ वर्षांनंतरचा आवाज पसरट झाला आहे, सावकाश चालतो, गिटार स्पष्ट ऐकू येते आणि गावाची आठवण खरी वाटते. तो स्वतःचेच गाणे स्वतःच्याच नावाने पुन्हा गायला. यात फसवले कोणाला? फक्त लिहिणाऱ्याने वाचकाला तसे सांगायला हवे. कोणते मुद्रण, कोणत्या सालचे, कोणाचे शब्द, कोण गाते आहे. संग्रह विकत घेणाऱ्याचा हा हक्क आहे, आणि त्यावर लिहिणाऱ्याचे हे पहिले काम.

मी एवढी का चिडले, त्याचे कारण घरातले आहे.

माझे वडील ठाण्यातल्या चरईत राहत. त्यांच्याकडे एक फुलस्केप वही होती. आकाशवाणीवर 'भावसरगम' हा भावगीतांचा कार्यक्रम लागला की ती उघडायची. उभ्या रेघा मारून चार रकाने केलेले : गीत, गीतकार, संगीत, गायक. निवेदिका गाण्याआधी नावे सांगे आणि बाबा शाईच्या पेनाने भरत जात. कुकरच्या शिट्टीत एखादे नाव ऐकू आले नाही, तर तो रकाना मोकळा ठेवत आणि ते गाणे पुन्हा लागेपर्यंत थांबत. अंदाजाने कधी भरला नाही. आम्ही मुले सुचवायचो, "बाबा, वसंत प्रभूच असणार." ते म्हणायचे, "असणार म्हणजे काय? ऐकलंस का?"

शेवटच्या काही वर्षांत त्यांची नजर गेली आणि वाचन थांबले. म्हणून मी ठाण्यातल्याच एका प्रदर्शनातून अवीट भावगीतांचा सीडीचा संच आणला. खोका देखणा होता. वर लताबाईंचा तरुणपणीचा कृष्णधवल फोटो, शेजारी आणखी दोन थोरांचे. पहिलेच गाणे 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का'. माझ्या पाठवणीच्या दिवशी बँडवाल्यांनी वाजवले होते ते. सीडी लावली. सुरुवातीलाच की-बोर्डचा तो गुळगुळीत आवाज आला आणि बाबांनी मान वर केली. पहिली ओळ झाली आणि म्हणाले, "या लताबाई नव्हेत."

मला वाटले आता बंद करायला सांगतील. नाही सांगितले. गाणे पूर्ण ऐकले. मग म्हणाले, "मुलगी चांगली गाते. नाव काय तिचं? वहीत लिही." मी खोका उलटासुलटा करून पाहिला, आतला कागद काढून पाहिला, सीडीवर छापलेले वाचले. गाणाऱ्या मुलीचे नाव कुठेही नव्हते. ज्यांनी या संचासाठी एक अक्षर गायले नाही त्यांचे फोटो दर्शनी भागावर, आणि जिने गायले तिचे नाव कुठेच नाही. गीतकार पी. सावळाराम आणि संगीतकार वसंत प्रभू यांचीही नावे नव्हती, पण ती बाबांना पाठ होती. खालच्या कडेला 'लोकप्रिय गीतांवर आधारित' एवढे शब्द होते, तेही पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत.

खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, गाणं तेच आहे ना?" पैसे परत मागितले तर, सील फोडलं की परत घेत नाही. सील न फोडता आत कोणाचा आवाज आहे हे मला कळणार कसे, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ऱ्हिदम हाऊसमध्ये निदान घ्यायच्या आधी ऐकून बघता यायचे. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

पुढे या विषयावर वाचत गेले तेव्हा कळले की ही नुसती माझ्या नाराजीची बाब नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आले. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायला हा कायदा मनाई करत नाही. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे जाऊ द्यावी लागतात, आधी कळवावे लागते, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. पण वेष्टनाच्या बाबतीत हे कलम अगदी स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल असे वेष्टन नको, आधीच्या मुद्रणातल्या कलाकाराचे नाव किंवा चित्र त्यावर नको, आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर लिहिलेच पाहिजे. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ३८-बी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपल्या कलेसोबत आपले नाव असण्याचा हक्क देते. म्हणजे बाबांनी विचारलेला प्रश्न कायद्यानेही रास्त होता. त्या मुलीचे नाव असायला हवे होते.

आज सीडी गेल्या, पण प्रकार तोच आहे. मोबाइलवर गाणे शोधले की एकाच नावाखाली चार मुद्रणे येतात. त्यांतले मूळ कोणते हे आधीपासून ज्याच्या कानात आहे त्यालाच कळते. माझ्या भाच्यांच्या कानात ते नाही. त्यांनी जे पहिल्यांदा ऐकले तेच त्यांच्यासाठी मूळ. गीतकाराचे नाव शोधायला आणखी दोन ठिकाणी बोट दाबावे लागते आणि तिथेही पुष्कळदा जागा रिकामी असते.

आणि गावातल्या कार्यक्रमांचे काय सांगू? दिवाळी पहाटेला आम्ही हौसेने अंधारात उठून जातो. मागच्या खेपेला नौपाड्यातल्या एका कार्यक्रमात निवेदकांनी सावळारामांची एकामागून एक गाणी सादर करवली. प्रत्येक वेळी 'लतादीदींचे अजरामर गीत', 'आशाताईंचे सदाबहार गीत'. लिहिणाऱ्याचे नाव एकदाही नाही. ज्या माणसाने ही गाणी लिहिली तो याच ठाण्यात राहिला, याच शहराचा नगराध्यक्ष झाला, आपली महापालिका त्याच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देते. मुंबईत किंवा पुण्यात नाव राहून गेले असते तर मी एवढी बोलले नसते. ठाण्यात ते गाळले जाता कामा नये. मध्यंतरात जाऊन मी निवेदकांना तसे सांगितले. ते म्हणाले, वेळ कमी आहे. प्रायोजकांची नावे मात्र दर दोन गाण्यांनंतर वाचली जात होती.

म्हणून कॅरोल किंगचे नाव गाळले गेले याचा मला राग येतो. अमेरिकेतल्या बाईचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. मला दोन्ही एकच वाटते. गाणे लिहिणे हे काम आहे, नवीन चालीत किंवा नव्या आवाजात ते पुन्हा उभे करणे हेही काम आहे, आणि काम करणाऱ्याचे नाव सांगायला एक ओळ लागते. आपल्या लेखात डायमंड, प्लॅटिनम आणि गोल्ड म्हणजे किती प्रती याला एक वेगळी चौकट दिली आहे. ती जागा बारा गाण्यांची यादी, गीतकार आणि मुद्रणाचे साल द्यायला पुरली असती. आणि माझ्यासारखीने ती कापून ठेवली असती.

माझी विनंती अशी. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि ती पुरवणीतच छापावी. आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी नको. जेम्स टेलरच्या संग्रहात दोन गाणी इतरांची आहेत, त्या इतरांची नावे द्यावीत. दोन गाणी १९७६ मध्ये नव्याने मुद्रित केलेली आहेत आणि एक मैफलीतले आहे, तेही द्यावे. यापुढे गाण्यांवरच्या प्रत्येक लेखात गीतकार आणि संगीतकार यांची नावे असावीत, असा नियमच करावा. मराठी गाण्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

याच पत्रात आणखी एक. आमच्या भागात पुरवणीची मधली पाने आठवड्याआड गायब असतात. पेपरवाल्याला विचारले तर तो म्हणतो, डेपोतूनच तशी येतात. डेपोला फोन केला तर ते पेपरवाल्याकडे बोट दाखवतात. हा टेलरचा लेखसुद्धा मी शेजाऱ्यांकडून आणून वाचला. वर्गणी मी वर्षाची आगाऊ भरली आहे. कृपया वितरण विभागाला सांगून याचा निकाल लावावा.

आपली,
एक जुनी वाचक
नौपाडा, ठाणे (प.)