पंखा पाण्यात स्क्रूसारखा शिरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेतले विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो होतो. शाळेचे नाव लिहीत नाही. मुलांनी आणि बाईंनी मेहनत घेतली होती, त्यात खोट नाही. एका टेबलावर होडीचे मॉडेल होते आणि मागे तक्ता: 'स्क्रू जसा लाकडात शिरतो तसा प्रोपेलर पाण्यात शिरतो व होडी पुढे जाते.' होडी कोरडीच. बटण दाबले की पंखा हवेत गरगरायचा. परीक्षकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी सत्तावीस वर्षे गोव्यात खनिजाच्या बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होतो. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा, मांडवी नदीतून मुरगाव बंदर गाठायचे; पावसात मांडवीचे आग्वादकडचे तोंड बंद असले की कुंभारजुवे कालव्यातून झुआरी नदीत उतरायचे. 2012 साली खाणी थांबल्या तसा मीही घरी बसलो. त्यामुळे ते वाक्य मला जरा टोचले.

लाकूड जागचे हलत नाही, म्हणून स्क्रू त्याला धरून पुढे सरकतो. पाणी धरू जावे तर निसटते. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने 1836 साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचीही कल्पना तक्त्यातल्यासारखीच होती: दोन पूर्ण वेढ्यांचे लाकडी मळसूत्र. 1837 मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना ते अर्धे मोडून पडले, आणि होडी एकदम जोरात पळायला लागली! लाकडातल्या स्क्रूचा हिशेब खरा असता तर ती रखडायला हवी होती.

पंख्याचे पाते तिरके असते. फिरताना त्याच्या पुढच्या अंगाला पाण्याचा दाब कमी होतो, मागच्या अंगाला वाढतो, आणि पाणी मागे फेकले जाते. त्याचा उलटा रेटा पात्यावर, पात्यावरून शाफ्टवर आणि शाफ्टवरून बोटीवर येतो. बार्जवर हा रेटा गिअरबॉक्समधले थ्रस्ट बेअरिंग झेलते. ते झिजले की शाफ्ट पुढेमागे हलू लागतो आणि ड्रायव्हरची झोप उडते. आमचा जुना सारंग, म्हणजे बार्जचा तांडेल, दोन शब्दांत कोकणीत सांगायचा, "उदक फाटीं मार, बार्ज फुडें वता." पाणी मागे मार, बार्ज पुढे जाते. तक्त्यावर एवढेच लिहिले असते तरी चालले असते.

नातू घरी आला तो रुसूनच. त्याची स्वतःची होडी आमच्या न्हाणीघरातल्या टबात नुसती पाणी घुसळत होती. मोडक्या खेळण्यातली मोटर, सायकलच्या स्पोकचा शाफ्ट, बॉलपेनच्या रिफिलची नळी, नळीत इंजेक्शनच्या सिरिंजने भरलेले ग्रीस. हे सगळे त्याचे त्याने जमवलेले, आणि पाण्याचा थेंब आत येत नव्हता. पंखा मात्र रुपयाच्या नाण्याएवढा. "आजोबा, मोटर मोठी घालूया," म्हणाला. मी म्हटले, मोटर राहू दे, पंखा बदल.

हिशेब सोपा आहे. थांबलेले पाणी सेकंदाला एक लिटर या मापाने दोन मीटर वेगाने मागे फेकले, किंवा दोन लिटर एक मीटर वेगाने फेकले, तरी रेटा तोच, साधारण दोनशे ग्रॅमचा. पण पहिल्याला दोन वॅट लागतात, दुसऱ्याला एकच. म्हणजे पुष्कळ पाणी, पण सावकाश. दुधाच्या पावडरीच्या डब्याचे झाकण कापून आम्ही साडेचार सेंटिमीटरचा दोन पात्यांचा पंखा केला. मधोमध पाते जास्त पिळले, टोकाला कमी. कारण टोक वेगाने फिरते आणि मूळ हळू. एवढा पंखा थेट मोटरवर लावला तर मोटर तापते, म्हणून त्याच खेळण्यातली दातेरी चाके मध्ये घालून फेरे कमी केले. मासळी तोलायच्या हुकवाल्या डिजिटल काट्याला होडी दोऱ्याने बांधली. पहिल्या पंख्याला काटा तीस ग्रॅम दाखवत होता, नव्याला पन्नास. मोटर तीच, सेल तेच.

तरी पहिल्यांदा ती भुर्रर्र करून जागीच फडफडली. पंखा पाण्याच्या इतका वर होता की वरची हवाच ओढत होता. रिकाम्या बार्जचा पंखा उघडा पडला की असाच आवाज येतो. होडीच्या मागच्या भागात दोन मोठे नट ठेवले, बूड बोटभर खाली बसले, आवाज गेला.

मग नातवाने विचारले की पात्याच्या पिळाप्रमाणे पंखा एका फेऱ्यात तीन सेंटिमीटर जायला हवा, तर होडी निम्मीच का जाते? या तुटीला आम्ही स्लिप म्हणतो. ती शून्य कधीच होत नाही. पाणी मागे सरकलेच नाही तर रेटा यायचा कुठून? हा प्रश्न त्या तक्त्यातून कुठल्याच मुलाला पडला नसता.

आता त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत दिव्यांच्या होड्या सुटतील, तेव्हा आमचीही एका कडेने सोडायची असे त्याने ठरवून टाकले आहे. झाकणाच्या पंख्यावर चालणारी, दिवे फक्त दोन.

शाळांना माझी विनंती एवढीच: पुढच्या प्रदर्शनात होडीला टेबलावर ठेवू नका. टब माझा, काटाही माझा. शाळेने फक्त पाणी भरून ठेवावे. मुले विचारतील तेवढा वेळ मी तिथे बसायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त बार्ज ड्रायव्हर, साखळी